पुण्यतिथीच्या मजकुराबद्दल

कोल्हापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या पहिल्या पुण्यतिथीला चर्चमध्ये वाचण्यासाठी तू तयार केलेला मजकूर मी दोनदा वाचला. भाषा शुद्ध आहे, पण ज्यांच्याबद्दल लिहिले ते मला त्यात कुठे भेटले नाहीत. ‘धर्मनिष्ठ’, ‘कुटुंबवत्सल’, ‘सोज्वळ’ आणि ‘आदर्श’ ही चार विशेषणे तू पहिल्याच परिच्छेदात खर्चून टाकलीस. ती कोणत्याही भल्या गृहस्थाच्या शोकसभेत जशीच्या तशी चालतील. उद्यमनगरातल्या कारखान्यात एकाच छपराखाली मी त्यांच्यासोबत अर्धे आयुष्य काढले, म्हणून थोडे परखड लिहितो. राग मानू नकोस.

आजोबा पॅटर्नमेकर होते, हे तू एका ओळीत उरकलेस. खरे तर तिथे थांबायला हवे होते. ऑइल इंजिनाचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाग ओतायचा, तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, आणि वितळलेले बीड थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसत असल्याने तो नमुना तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. आकडे नेहमीचेच, पण त्यांच्यामधले अंतर किंचित वाढवलेले. आजोबांची तशी एक पोलादी पट्टी होती आणि तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. त्याच खणात त्यांची जपमाळ असे. दिवसभर लाकडाचा भुसा उडायचा, तो मण्यांच्या सांध्यांत जाऊन बसायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत आजोबा आधी माळेवर फुंकर घालून, मणी सदऱ्याला पुसून, मगच ती बोटांवर घेत. एकदा मी गमतीने म्हटले, की देवाला भुसा चालत नाही का. ते हसले नाहीत, उत्तरही दिले नाही. ही फुंकर तुझ्या मजकुरात आली, तर चारपैकी निदान दोन विशेषणे आपोआप गळून पडतील.

त्यांच्या तोंडी तू जी तीन सुवचने घातली आहेस, ती मात्र काढून टाक. ‘प्रार्थना हाच कुटुंबाचा पाया’ असे वाक्य ते बोलले असतील, यावर माझा विश्वास बसत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा कष्टकरी संत जोसेफ यांचा सण ठरवला. पुढे १९६० पासून त्याच दिवशी महाराष्ट्र दिनही आला, त्यामुळे आजोबांना त्या दिवशी चर्चला जायला सुट्टी आपसूकच मिळे, आणि परत आल्यावर ते पटाशा आणि रंधे काढून तेलपाणी करत बसत. येशूचा सांभाळ करणारे जोसेफही सुतार, आणि बायबलातल्या चारही शुभवर्तमानांत त्यांच्या तोंडी एकही शब्द नाही. तुझे आजोबा त्याच जातकुळीचे होते. ज्या माणसाने आयुष्यभर कमी बोलून भागवले, त्याला आपण मरणानंतर बोलका करू नये.

तारखांचे थोडक्यात सांगतो. जन्मवर्ष तू एका पानावर १९३२ आणि दुसऱ्या पानावर १९३४ लिहिले आहेस. ज्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तिथली नोंदवही पाहा. दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराची, आणि लग्नाची नोंदही त्याच नोंदीपुढे केलेली असते, त्यामुळे एका खेपेत बरेच काम होईल.

आता मुख्य गोष्ट. आत्याच्या लग्नाचा प्रसंग तू पूर्ण वगळला आहेस. तिने हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केले, आजोबा गेले नाहीत, आणि दोन वर्षे त्यांनी तिच्याशी शब्द बोलला नाही, हे आपल्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या मंडळीत, सगळ्यांना ठाऊक आहे. अशा लग्नासाठी बिशपांकडून परवानगी मिळवण्याची सोय चर्चच्या कायद्यात आहे. कोल्हापूर तेव्हा पुण्याच्या बिशपांच्या धर्मप्रांतात होते. एक अर्ज पुण्याला गेला असता, तर निदान वाट तरी मोकळी झाली असती. फादरांनी ते समजावलेही होते. तेव्हा तो हट्ट आजोबांचा होता, धर्माच्या माथी मारू नकोस. पण दोन वर्षांनी एका रविवारी, चर्चमधून घरी न येता, ते परस्पर तिच्या दारात जाऊन उभे राहिले, हेही तितकेच खरे आहे. बरोबर स्वतः केलेला सागवानी पाट होता. आत काय बोलणे झाले, ते मला माहीत नाही. आत्याला विचार, आणि ती नको म्हणाली तर हा प्रसंग लिहू नकोस.

हे मी का सांगतो आहे, त्यालाही कारण आहे. माझे वडील गेले, तेव्हा मी असाच गुळगुळीत मजकूर वाचला होता. घरी आल्यावर आई म्हणाली, ‘छान वाचलंस, पण ते कोणाविषयी होतं?’ आपल्याकडे अंत्यविधीचे प्रवचन स्तुतिपर भाषण होऊ नये, असा मिस्साविधीचा, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेचा, नियमच आहे, आणि तो मला तेव्हापासून पटू लागला. आपण २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावतो, मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो, ते त्यांना आपल्या प्रार्थनेची गरज आहे असे मानतो म्हणूनच. त्याच वेदीपाशी उभे राहून आजोबांच्या अंगी एकही उणीव नव्हती असे तू सांगितलेस, तर समोर बसलेल्या मंडळींनी प्रार्थना कशासाठी करायची?

मजकूर दोन पानांच्या वर जाऊ देऊ नकोस. आजी पुढच्या बाकावर बसणार आहे आणि तिला फार वेळ बसवत नाही. नवा मसुदा झाला की रविवारी माझ्याकडे ये. येताना ती पट्टी सापडली तर घेऊन ये, बरोबर एखादी साधी फूटपट्टीही असू दे. दोन्ही शेजारी ठेवून तुला फरक दाखवतो.

तुझा,
आजोबांच्या शेजारच्या टेबलावरचा
काका