वाचकांचे प्रश्न : १९७३ सालाचे एवढे महत्त्व का?

प्रश्न : जागतिक स्थापत्यावरील लेखनात १९७३ या सालाचा उल्लेख वारंवार येतो. त्या वर्षी सिडनीचे ऑपेरा हाऊस खुले झाले, एवढे मला ठाऊक आहे; पण एका इमारतीमुळे सबंध वर्ष महत्त्वाचे ठरते का? शिवाय ते छत शिडांसारखे दिसते, असे सगळे सांगतात. ते उभे कसे राहिले, हे कुणीच सांगत नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : एका इमारतीमुळे नव्हे. त्या वर्षी ४ एप्रिलला न्यूयॉर्कमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरचे लोकार्पण झाले. मे महिन्यात शिकागोच्या सिअर्स टॉवरचा सांगाडा ४४२ मीटरपर्यंत पोहोचला आणि सर्वांत उंच इमारतीचा मान त्याच्याकडे गेला, तो १९९८ पर्यंत टिकला. २० ऑक्टोबरला राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते ऑपेरा हाऊसचे उद्घाटन झाले, आणि ३० ऑक्टोबरला इस्तंबूलमध्ये बॉस्फरसवरचा पहिला झुलता पूल वाहतुकीला खुला झाला. मात्र या वर्षाचे मोठेपण मला सिडनी आणि शिकागो या दोन ठिकाणी सर्वाधिक जाणवते, कारण आकार आधी ठरवायचा की सांगाडा, या जुन्या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध आणि तितकीच यशस्वी उत्तरे तिथे उभी आहेत.

सिडनीत आकार आधी ठरला. जानेवारी १९५७ मध्ये ३८ वर्षांच्या योर्न उत्झॉन या डॅनिश वास्तुविशारदाचा आराखडा स्पर्धेत निवडला गेला, तेव्हा त्या वळणदार छताचे गणित कुणीच मांडलेले नव्हते. तरीही १९५९ मध्ये चौथऱ्याचे काम सुरू करण्यात आले. पुढे छताचा खरा भार ध्यानात आल्यावर आधी उभारलेले काही खांब फोडून अधिक भक्कम खांब घालावे लागले. छतासाठी परवलय झाले, लंबवर्तुळ झाले, ओव्ह अरुप यांच्या कचेरीतील अभियंत्यांनी अनेक पर्याय तपासले. परंतु अडचण प्रत्येक वेळी तीच होती. वक्रता जागोजागी बदलत असल्याने छताची प्रत्येक बरगडी वेगळी, म्हणून तिचा साचाही वेगळा, आणि इतके साचे करणे कोणत्याही खजिन्याला परवडणारे नव्हते.

१९६१ मध्ये उत्झॉन यांना उत्तर सापडले. छताची सगळी कवचे, म्हणजे शिडांसारखे दिसणारे वक्र भाग, एकाच गोलातून कापायची, आणि त्या गोलाची त्रिज्या सुमारे ७५ मीटर धरायची. संत्र्याच्या सालीचे लहानमोठे तुकडे काढले, तरी त्या सगळ्यांचा बाक सारखाच असतो, तसेच हे. बाक एकच झाल्यावर मोजक्या साच्यांतून काँक्रीटचे तुकडे ओतता आले, ते एकावर एक चढवून आतून ताणलेल्या पोलादी तारांनी आवळता आले, आणि बरगड्या मोराच्या पिसाऱ्यासारख्या एका बुंध्यातून फुलत गेल्या. मला या इमारतीतील सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते, आणि ती छायाचित्रात दिसत नाही.

टाइल्सचेही तसेच. दुरून छत पांढरेशुभ्र दिसते; जवळ गेल्यावर चकचकीत पांढऱ्या आणि झिलई नसलेल्या, किंचित पिवळसर अशा दोन प्रकारच्या टाइल्स वेगळ्या ओळखू येतात. दहा लाखांहून अधिक असलेल्या या टाइल्स स्वीडनमधून आल्या. त्या छतावर चढून एकेक चिकटवलेल्या नाहीत. जमिनीवरच साच्यात पालथ्या मांडून त्यांच्या पाठीवर काँक्रीटचा थर ओतला आणि तयार झालेले फलक वर नेऊन बसवले. फलकांच्या कडेने पिवळसर टाइल्स आहेत, म्हणून उन्हात पांढरा भाग झळाळतो आणि सांध्यांच्या मंद रेषा त्या कवचाचा बाक डोळ्यांना दाखवत राहतात.

शिकागोचे उत्तर याच्या अगदी उलट आहे. उंच इमारतीला वजनापेक्षा वाऱ्याचा त्रास अधिक. फझलूर रहमान खान या अभियंत्याने इमारतीच्या बाहेरच्या कडेनेच खांब जवळजवळ घेऊन तिची पोकळ चौकोनी नळी करण्याची पद्धत विकसित केली, आणि सिअर्स टॉवरसाठी अशा नऊ नळ्या तीन-तीनच्या रांगांत एकत्र बांधल्या. उसाचे एकटे कांडे वाकते, मोळी वाकत नाही, तत्त्व तेच. काही नळ्या ५० व्या मजल्यावर थांबतात, काही ६६ व्या, काही ९० व्या, आणि दोनच शिखरापर्यंत जातात. वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम यांच्यासह साधलेली ती पायऱ्यापायऱ्यांची आकृती वरून चढवलेली सजावट नाही, ती त्या सांगाड्याचीच आहे. खान हे मूळचे ढाक्याचे, हावड्याजवळच्या शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. आपल्या उपखंडातील या माणसाचे नाव आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणखी एक योगायोग सांगायला हवा. ऑपेरा हाऊसच्या उद्घाटनाच्या तीनच दिवस आधी, १७ ऑक्टोबरला, अरब तेल-उत्पादक देशांनी पुरवठ्यात कपात जाहीर केली आणि काही महिन्यांतच खनिज तेलाची किंमत जवळपास चौपट झाली. बंद काचा आणि अहोरात्र चालणारी वातानुकूलन यंत्रणा गृहीत धरून मनोरे बांधणाऱ्यांना तेव्हापासून ऊर्जेचा हिशेब मांडावा लागला. ऊन, सावली, वारा यांचा विचार अभ्यासक्रमांत पुन्हा गांभीर्याने होऊ लागला, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

प्रश्न : उत्झॉन यांनी पूर्ण झालेले ऑपेरा हाऊस कधीच पाहिले नाही, हे खरे आहे का? (तेच वाचक)

उत्तर : होय, खरे आहे. सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज शेवटी १० कोटी २० लाखांवर गेला. वाढता खर्च, थकलेले मानधन आणि कामावरचा ताबा यांवरून राज्याच्या सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांशी वाद होऊन उत्झॉन यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये काम सोडले. थोड्याच दिवसांत त्यांनी ऑस्ट्रेलियाही सोडला. अंतर्भागाचे काम पीटर हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केले. हॉल यांच्यावर पुष्कळ टीका झाली, पण दुसऱ्याचे अर्धे राहिलेले काम निभावणे किती कठीण असते, याचा विचार टीकाकारांनी फारसा केला नाही, असे मला वाटते.

१९९९ मध्ये उत्झॉन यांच्याशी पुन्हा संबंध जुळले, २००३ मध्ये त्यांना स्थापत्यातील सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला, आणि २००७ मध्ये युनेस्कोने ही वास्तू जागतिक वारसा यादीत घेतली. २००४ मध्ये तिथले एक दालन त्यांच्या आराखड्यानुसार नव्याने सजवून त्यांचेच नाव त्याला देण्यात आले. त्या दालनाच्या खिडक्या बंदराच्या पाण्याकडे उघडतात. उत्झॉन यांनी ते दूर युरोपात बसून कागदावर रेखले होते. २००८ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी ते वारले, तोवर त्या खिडकीशी ते एकदाही उभे राहिले नव्हते.