सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याजवळ तिन्हीसांजेला वटवाघळांवर झडप घालणारा पक्षी घुबड असतो का?

घुबड असू शकतं. पण अजून उजेड असेल तर मी आधी ससाण्यावर संशय घेईन. तुरुमती हा तांबूस डोक्याचा छोटा ससाणा आपल्या माळरानांवरचाच. दिवसा पाखरं मारतो आणि अंधारून येताना लहान वटवाघळं टिपतो. हिवाळ्यात बहिरी ससाणाही येतो. शिक्रा हा छोटा शिकारी पक्षीही संधी सोडत नाही.

वटवाघळं रोज साधारण त्याच वेळी, त्याच फटीतून झुंडीनं निघतात, त्यामुळे शिकाऱ्याला शोधत फिरावं लागत नाही. झुंडीतून बाजूला पडलेल्या वटवाघळाला धोका जास्त असतो. ससाणा डोळ्यांवर शिकार करतो, अंधार दाटला की सहसा त्याचा खेळ संपतो. संध्याकाळी किडे भरपूर असूनही वटवाघळं उशिरा बाहेर पडतात, त्याचं हेही एक कारण मानतात.

पंख टोकदार असतील तर ससाणा, आखूड गोलसर असतील तर शिक्रा. पोट पांढरं, डोकं मोठं आणि उडताना अजिबात आवाज नाही, तर गव्हाणी घुबड. इंटरनेटवरच्या व्हिडिओंत दिसणारा, उडता उडता वटवाघूळ अख्खं गिळणारा 'बॅट हॉक' मात्र आफ्रिका आणि आग्नेय आशियातला, सोलापुरात तो शोधू नका.