विकिपीडियावर गावच्या यात्रेबद्दल लिहिलं, ते दोन तासांत काढून टाकलं. माझं काय चुकलं?

तुमचा प्रश्न असा आहे: मराठी विकिपीडियावर आपल्या गावाच्या पानात भैरवनाथाच्या यात्रेबद्दल चार ओळी लिहिल्या, दोन तासांत त्या गायब झाल्या, आता पुन्हा लिहावं की नाद सोडावा? नाद सोडू नका. माझ्याही पहिल्या ओळी अशाच गेल्या होत्या. त्या का गेल्या हे कळायला मला बरेच दिवस लागले. तुमचे ते दिवस वाचावेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी त्या पानावर जा आणि वर ‘इतिहास’ लिहिलेलं आहे तिथे टिचकी मारा. पानात आजवर झालेला प्रत्येक बदल तारीख, वेळ आणि सदस्याच्या नावासकट तिथे नोंदलेला असतो. तुमच्या चार ओळीही तिथे शाबूत आहेत. काढणाऱ्याने बहुधा शेजारी कंसात कारणही लिहिलं असेल: संदर्भ नाही, जाहिरातवजा मजकूर, दुसरीकडून उतरवलेला मजकूर, असं काहीतरी. नवीन माणसं हे पान उघडतच नाहीत. आपलं लिखाण नीट जतन झालं नाही असं समजून तेच पुन्हा टाकतात, ते पुन्हा निघतं, आणि तिसऱ्या खेपेला भांडण जुंपतं.

आता माझी गोष्ट. मी सासवडकडची. आमची नदी कऱ्हा. पुरंदर तालुक्यात उगम पावते, पुढे मोरगाव, बारामती करत नीरेला मिळते. आजोबा जाऊन वर्ष झालं होतं तेव्हा मी विकिपीडियावर खातं उघडलं आणि पहिल्याच दिवशी कऱ्हेबद्दल लिहिलं, की पूर्वी ही नदी शिमग्यापर्यंत भरून वाहायची आणि गावातली सगळी पोरं संगमेश्वराच्या देवळाखालच्या डोहात पोहायला शिकायची. आजोबा हे इतक्या वेळा सांगायचे की मला ते पाठ होतं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य निघालेलं होतं. कारण दोनच शब्दांचं: ‘संदर्भ हवा’.

मला फार लागलं ते. कोणीतरी माझ्या आजोबांना खोटं ठरवलं असं वाटलं. ज्या सदस्याने ओळी काढल्या होत्या त्याच्या चर्चापानावर, म्हणजे त्याच्याशी बोलायच्या पानावर, जाऊन मी तावातावाने लिहिलं, की मी त्या गावची आहे, तुम्ही कधी कऱ्हा पाहिली आहे का? उत्तर शांत आलं. आपल्या आजोबांवर अविश्वास नाही, पण उद्या दुसऱ्या कोणाच्या आजोबांनी उलट सांगितलं तर वाचकाने कोणाचं खरं धरायचं?

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विकिपीडियावर लिहिणारा माणूस कोण, कुठला, किती शिकलेला, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. प्राध्यापक असो की आठवीतला मुलगा, दोघांचा शब्द सारखाच. म्हणून तिथे लिहिणाऱ्याचा शब्द कोणी धरत नाही. आधी कुठे छापून आलंय, आणि ते छापणारा भरवशाचा आहे का, एवढंच बघतात. स्वतःचं संशोधन, स्वतःचा अनुभव, घरात ऐकलेलं, हे कितीही खरं असलं तरी तिथे चालत नाही.

मग मी छापलेलं शोधायला लागले. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्हावार माहितीचा सरकारी ग्रंथ, निघालं, त्याचा १८ वा खंड पुणे जिल्ह्याचा, तीन भागांत, १८८५ सालचा. पुढे सरकारने त्याची सुधारित आवृत्तीही काढली. जुना खंड आता कोणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्यात जिल्ह्यातल्या नद्यांबद्दल लिहिलेलं आहे, कऱ्हाही आहे. पहिल्यांदा वाचताना मी गोंधळले, कारण बारामतीकडचा भाग तिथे भीमथडी तालुक्यात दाखवलाय. हा तालुका आज त्या नावाने नाही. तुम्हीही जुनं पुस्तक वापराल तेव्हा तालुक्याचं नाव, जिल्ह्याची हद्द आणि गावाचं इंग्रजी स्पेलिंग, तिन्ही नीट ताडून बघा. त्या खंडाच्या आधाराने मी दोन साधी वाक्यं लिहिली, खाली खंड आणि पान नोंदवलं. ती कोणी काढली नाहीत.

आजोबांचा डोह मात्र त्यात आला नाही, आणि ह्याचं मला अजूनही वाईट वाटतं. आपल्याकडे गावाची किती तरी माहिती फक्त माणसांच्या तोंडी असते आणि माणूस गेला की तीही जाते. तरी हा नियम बरोबर आहे असं माझं मत आहे. तो नसता तर प्रत्येक गावाचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं ठरलं असतं. खरा उपाय म्हणजे ते आधी दुसरीकडे छापून आणणं: शाळेची स्मरणिका, वर्तमानपत्राची पुरवणी, एखादा दिवाळी अंक. मी आजोबांच्या आठवणी गावच्या शाळेच्या स्मरणिकेत दिल्या. पण स्वतःच लिहायचं आणि स्वतःच त्याचा संदर्भ लावायचा हे बरं दिसत नाही, म्हणून लेखाच्या चर्चापानावर फक्त नोंद करून ठेवली. उपयोगाचं वाटलं तर दुसरं कोणीतरी घेईल.

आता तुमच्या ओळी. प्रश्नात तुम्ही त्यातली एक दिली आहे: ‘आमच्या गावचे भैरवनाथ हे अत्यंत जागृत व पुरातन देवस्थान असून दरवर्षी लाखो भाविक नवस फेडायला येतात.’ देवळात कोणी असं सांगितलं तर मी हात जोडेन. पण विश्वकोशात ह्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द अडतो. ‘आमच्या’ म्हणजे कोणाच्या? ‘जागृत’ हा श्रद्धेचा भाग, तो भाविकांच्या नावावर टाकावा लागेल. ‘पुरातन’ म्हणजे कोणत्या शतकातलं? ‘लाखो’ कोणी मोजले? हे सगळं बाजूला केलं की उरतं ते असं: ‘गावात भैरवनाथाचे मंदिर आहे. चैत्र वद्य अष्टमीला यात्रा भरते.’ (तिथी मी उदाहरणादाखल घातली, तुमची तुम्ही घाला.) वाचायला कोरडं वाटेल, पण ह्या दोन ओळींना आधार मिळू शकतो आणि म्हणून त्या टिकतील.

आधार कुठे मिळेल, तर एक जागा मी हमखास सांगते, फार कमी लोकांना ती माहीत असते. १९६१ च्या जनगणनेच्या वेळी महाराष्ट्रातल्या जत्रा आणि सणांवर एक स्वतंत्र सरकारी खंड काढला होता. इंग्रजीत आहे. त्यात गावोगावच्या यात्रांच्या नोंदी आहेत. तुमचा भैरवनाथ त्यात असण्याची चांगली शक्यता आहे. नसला तर जिल्ह्याचं गॅझेटिअर, आणि यात्रेच्या वेळी वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्तीत येणाऱ्या बातम्या. गावच्या फेसबुक पानाचा किंवा व्हॉट्सॲपवर फिरलेल्या माहितीचा संदर्भ लावू नका, तो कोणी धरणार नाही.

कामाला बसताना आधी खातं उघडा. त्याच खात्याने पुढे विकिस्रोत (जुन्या पुस्तकांचा संग्रह), कॉमन्स (फोटोंचा संग्रह), सगळीकडे काम करता येतं. मग ‘धूळपाटी’त, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहून बघा. नाव अगदी चपखल आहे, लिहा, पुसा, कोणी रागावत नाही. संदर्भ द्यायचा असेल तर संपादनाच्या वरच्या पट्टीत अवतरणचिन्हासारखं बटण दिसेल. बातमीचा पत्ता तिथे चिकटवला की बरेचदा संदर्भ आपोआप तयार होतो, पण तारीख आणि लेखकाचं नाव डोळ्यांनी तपासा. चर्चापानावर लिहिलंत तर शेवटी चार लहरी चिन्हं (~~~~) टाका, तुमची सही आणि वेळ उमटते. अडलात तर ‘चावडी’वर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, विचारा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, पण नियमितपणे काम करणारी माणसं इंग्रजीच्या मानाने फार थोडी. उत्तराला दोन दिवस लागले तर मनाला लावून घेऊ नका.

ह्या सगळ्यापेक्षा मला मराठीच्या दोन खास अडचणी सांगायच्या आहेत, कारण इंग्रजीवरून उतरवलेल्या मदतपानांत त्या सापडत नाहीत.

पहिली दुव्यांची. दुसऱ्या लेखाचा दुवा द्यायला त्याचं नाव दोन-दोन चौकोनी कंसांत लिहितात. पण मराठीत नाव वाक्यात आलं की त्याचं रूप बदलतं. लेखाचं नाव ‘कऱ्हा नदी’, वाक्यात मात्र ‘कऱ्हेच्या काठी’. तेव्हा कंसात आधी लेखाचं मूळ नाव, मग उभी रेघ, मग वाक्यात हवं ते रूप: [[कऱ्हा नदी|कऱ्हेच्या]]. वाचणाऱ्याला फक्त ‘कऱ्हेच्या’ दिसतं आणि दुवा योग्य जागी जातो. हे न कळल्यामुळे कित्येक जण ‘कऱ्हा नदीच्या’ ह्या नावाचा लाल दुवा, म्हणजे नसलेल्या लेखाचा दुवा, तयार करतात.

दुसरी ह्याच ‘ऱ्ह’ची. हे जोडाक्षर संगणकावर दोन वेगळ्या पद्धतींनी उमटवता येतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी अक्षरं वाटतात. त्यामुळे कऱ्हाड, गोऱ्हे असले शब्द शोधताना लेख असूनही ‘सापडला नाही’ असं येऊ शकतं आणि माणूस त्याच नावाचा दुसरा लेख सुरू करून बसतो. नवीन पान करण्याआधी गावाच्या आसपासची दोन-तीन नावं घालूनही शोधा. दोन पानं झालीच असतील तर एकावरून दुसऱ्याकडे पुनर्निर्देशन देता येतं, म्हणजे एक उघडलं की वाचक आपोआप दुसऱ्यावर जातो.

उतरवून काढण्याबद्दल थोडक्यात. मराठी विश्वकोश वाचा, त्यातून समजून घ्या, पण वाक्यं तुमची हवीत. वर्तमानपत्राचंही तेच. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार (कॉपीराइट) राहतो. श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ साली गेले, म्हणून त्यांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ आता खुला आहे. तरी त्यातली माहिती शंभर वर्षांपूर्वीची आहे हे ध्यानात ठेवून वापरा.

आणि एक सुचवू? यात्रेच्या ओळींना आधार शोधेपर्यंत रिकामे बसू नका. मराठी विकिपीडियावर इंग्रजीतून यंत्राने भाषांतर करून टाकलेले अनेक लेख पडून आहेत. ‘त्याने पुणे विद्यापीठातून त्याची पदवी पूर्ण केली’ असली वाक्यं वाचून मला अक्षरशः त्रास होतो. आपण वडीलधाऱ्या, कर्तबगार माणसाबद्दल असं बोलतो का? ‘त्यांनी पुणे विद्यापीठातून पदवी घेतली’ एवढं केलं तरी तो लेख मराठी वाटायला लागतो. ह्याला संदर्भ शोधावा लागत नाही, फक्त मराठी चांगलं यावं लागतं, आणि तुमचा प्रश्न वाचून ते तुम्हाला येतं असं दिसतंय. रोज असा एक लेख घेतलात तर महिन्याभरात संपादनाचा हात बसेल. तुमचं नावही तिथल्या लोकांच्या ओळखीचं होईल, आणि ओळखीच्या सदस्याची ओळ काढण्याआधी लोक बहुतेक वेळा विचारतात.

शेवटचं फोटोचं. गूगलवरून उचललेला फोटो चालत नाही, तुम्ही स्वतः काढलेला मात्र कॉमन्सवर चढवता येतो. तुमच्या गावाच्या पानावर देवळाचा फोटो नसेल, तर तो देणं आजच जमेल. सकाळी लवकर जा, कळस आणि दीपमाळ दोन्ही येतील एवढे मागे उभे राहा, आणि कमानीवरचा वाढदिवसाचा फ्लेक्स चौकटीत येणार नाही असं बघा.