फक्त प्याद्यांचं बुद्धिबळ कॉम्प्युटरने पूर्ण सोडवता येईल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नेहमीचा ८×८ पट, दोन्हीकडे आठ-आठ प्यादी, बाकी एकही मोहरा नाही. जो आधी शेवटच्या रांगेत प्यादं पोचवेल तो जिंकला. तुम्ही पायथनमध्ये मिनिमॅक्स (दोघंही सर्वोत्तम खेळतील असं धरून पुढच्या चाली तपासणारी पद्धत) लिहिलं, अल्फा-बीटाही (निकाल बदलू न शकणाऱ्या चाली न तपासता सोडून देण्याची युक्ती) लावलं, पण दहा-बारा चालींच्या पुढे प्रोग्रॅम सरकत नाही. आणि तुम्हाला 'कोणाची बाजू वरचढ' असला अंदाज नकोय, पहिला जिंकतो की दुसरा याची सिद्धता हवी आहे.

सिद्धता हवी असेल तर आधी खोलीची मर्यादा (किती चाली पुढे बघायचं ते) आणि स्थितीला गुण देणारं फंक्शन, दोन्ही काढून टाका. या खेळाला त्यांची गरज नाही, कारण प्यादं कधीच मागे येत नाही. दुसऱ्या रांगेतलं प्यादं फार तर पाच चालींत सातव्या रांगेत पोचतं आणि त्यापुढची चाल डावच संपवते. म्हणजे १६ प्यादी गुणिले ५, वर एक. ८१ अर्ध्या चालींपलीकडे (एका बाजूची एक चाल म्हणजे अर्धी) कोणताही डाव जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात समोरासमोरची प्यादी एकमेकांना अडवतात, त्यामुळे डाव याच्या बराच आधी संपतो. पूर्ण बुद्धिबळात तीच स्थिती पुन्हा येऊ शकते, आणि मग तिचं उत्तर 'इथवर कोणत्या वाटेने आलो' यावरही अवलंबून राहतं. इथे तो प्रश्नच उद्भवत नाही. एखाद्या स्थितीचा निकाल एकदा लागला की तो कायमचा. निकालांच्या टेबलात टाका आणि कोणत्याही वाटेने तिथे आलात तरी निर्धास्त वापरा.

मात्र कोडला हात लावण्याआधी एक नियम पक्का करा, तो तुम्ही प्रश्नात लिहिलेला नाही. ज्याची पाळी आहे त्याला एकही चाल उरली नाही तर काय? हार की बरोबरी? हा बारीकसारीक मुद्दा नाही, सगळा खेळ यावर फिरतो. ३×३ पटावर हे नीट दिसतं.

हा छोटा खेळ हेक्सापॉन म्हणून ओळखला जातो. मार्टिन गार्डनर यांनी तो १९६२ मध्ये लोकांपुढे आणला आणि २४ काडेपेट्यांचं एक 'शिकणारं यंत्र' त्यावर खेळवून दाखवलं. दोघांची तीन-तीन प्यादी, पहिली चाल दोन घरांची नाही, आणि चाल उरली नाही तर हार. पांढऱ्याची प्यादी ए१, बी१, सी१ वर आणि काळ्याची ए३, बी३, सी३ वर धरा. पांढऱ्याने ए२ केलं तर काळा बीच्या प्याद्याने ते मारतो. आता पांढऱ्याने बीच्या प्याद्याने ए२ वर परत मारलं नाही, तर काळा थेट ए१ गाठतो. मारलं, तर काळा सी२ खेळतो, आणि पांढऱ्याची ए२ व सी१ ही दोन्ही प्यादी समोरून अडलेली, मारायला काही नाही. पांढरा हरला. पांढऱ्याने सुरुवातीला बी२ केलं तर काळा एच्या प्याद्याने मारतो. पांढऱ्याने एच्या प्याद्याने परत मारलं की पुन्हा सी२ आणि पुन्हा तीच कोंडी. सीच्या प्याद्याने मारलं तर सी२, आणि सी१ची वाट मोकळी. परत मारलंच नाही तर काळा पुढच्या चालीत शेवटच्या रांगेत. सी२ने सुरुवात म्हणजे ए२चंच आरशातलं रूप. झाला सोडवून: दुसरा खेळणारा जिंकतो, आणि ही पूर्ण सिद्धता आहे.

यात विजय किती वेळा 'समोरच्याला चालच नाही' यातून आला बघा. बरोबरीचा नियम लावला तर त्या सगळ्या ओळी बरोबरीत संपतात. तुमच्या ८×८ खेळातही 'हार' आणि 'बरोबरी' हे दोन वेगळे खेळ आहेत, दोघांची उत्तरं वेगळी शोधावी लागतील.

आता आकाराबद्दल. मधल्या प्रत्येक घरात पांढरं, काळं किंवा रिकामं असे तीन पर्याय आणि छोट्या पटांच्या पहिल्या व शेवटच्या रांगेत दोनच (तिथलं मूळ प्यादं किंवा रिकामं) धरले, तर चालू डावातल्या स्थितींची ढोबळ वरची मर्यादा ३×३ला १,७२८ येते आणि ४×४ला १६,७९,६१६. ५×५ला ती सुमारे १,४६९ कोटींवर जाते. ८×८ला दुसऱ्या ते सातव्या रांगेतली ४८ घरं, म्हणजे ३ चा ४८वा घात, साधारण ८ वर २२ शून्यं. आकडा बघून घाबरू नका. चेकर्स या सोंगट्यांच्या पटावरच्या खेळात सुमारे ५ वर २० शून्यं इतक्या स्थिती आहेत आणि तो खेळ जोनाथन शेफर यांच्या अल्बर्टा विद्यापीठातल्या गटाने २००७ मध्ये सोडवला: दोघं अचूक खेळले तर बरोबरी. त्यांना सगळ्या स्थिती तपासाव्या लागल्या नाहीत, १ वर १४ शून्यांच्या आसपास भागलं. कारण सोपं आहे. जिंकणाऱ्या बाजूची एकच चांगली चाल दाखवली की पुरते, फक्त हरणाऱ्या बाजूच्या सगळ्या चाली तपासाव्या लागतात. म्हणून चालींचा क्रम फार महत्त्वाचा. चांगली चाल आधी बघितली तर अल्फा-बीटाचं काम जवळजवळ सगळ्या शक्य चालींच्या झाडाच्या वर्गमुळाइतकं खाली येतं. या खेळात मी आधी मारण्याच्या चाली घेतो, मग सर्वात पुढे गेलेल्या प्याद्याच्या, आणि बाकीच्या नंतर.

सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो शर्यत ओळखण्यात. एखादं प्यादं कोणालाच अडवता येत नसेल, तर शेवटपर्यंत शोधत बसायचं कारण नाही, घरं मोजा. पांढऱ्याची पाळी असेल, त्याला 'न' चाली लागत असतील आणि काळ्याचं कोणतंही प्यादं 'न'पेक्षा कमी चालींत पोचू शकत नसेल, तर पांढरा जिंकला. पण 'अडवता येत नाही' याची बुद्धिबळाच्या पुस्तकातली व्याख्या इथे जशीच्या तशी उचलू नका. पांढरी प्यादी बी४ आणि सी६ वर, काळं डी७ वर, पाळी काळ्याची. नेहमीच्या व्याख्येने बी४ मोकळं आहे: पुढे ए, बी, सी या तिन्ही स्तंभांत काळं प्यादं नाही. तरी डी७ने सी६ मारलं की ते बी५वर नजर ठेवून उभं राहतं, आणि बी४ची धाव तिथेच थांबते. अंदाजासाठी असली चूक चालली असती. सिद्धतेत एक खोटा निकाल टेबलात शिरला की वरचं सगळं पोकळ. म्हणून प्रत्येक काळ्या प्याद्याच्या पुढे, ते दर पावलाला मारत गेलं तर जिथवर पोचेल, तो सगळा त्रिकोण त्याच्या ताब्यात धरा. धावणारं प्यादं आणि त्याची वाट त्या त्रिकोणांच्या बाहेर असेल तरच शर्यत मोजा. ब्रेकथ्रू या प्याद्यांसारख्याच खेळाचा ६×५ पट अशाच शर्यतीच्या नमुन्यांच्या आधाराने आणि प्रूफ-नंबर सर्चने (जिथे सिद्धता सर्वात कमी कामात मिळेलसं दिसतं ती वाट आधी तपासणारी पद्धत) सोडवला गेला आहे, तेव्हा हा रस्ता आजमावलेला आहे.

उलटी बाजूही आहे: सगळं अडकलंय, कोणीच पार जाऊ शकत नाही, आणि 'चाल नाही तर हार' हा नियम आहे. मग पट एकमेकांशी संबंध नसलेल्या तुकड्यांत फुटतो आणि उरते फक्त राखीव चालींची मोजणी. हे गणित मला सर्वात सुंदर वाटतं. टी. आर. डॉसन यांनी १९३५ मध्ये तीन रांगांच्या पटावर, मारणं सक्तीचं ठेवून, असंच प्याद्यांचं कोडं घातलं होतं. त्यांच्या नियमात शेवटची चाल करणारा हरत असे. शेवटची चाल करणारा जिंकतो हे रूप रिचर्ड गाय आणि सेड्रिक स्मिथ यांनी १९५६ मध्ये उलगडलं: सुरुवातीचे काही अपवाद सोडले तर उत्तर दर ३४ स्तंभांनी पुन्हा तेच येतं. तुमच्या खेळात मारणं सक्तीचं नाही, त्यामुळे ते आकडे उचलता येणार नाहीत, पण प्रत्येक तुकड्याची किंमत वेगळी काढून एकत्र करायची पद्धत तीच.

कोडबद्दल थोडकंच. सी++ किंवा रस्टकडे वळा. दोन ६४-बिट संख्या, एक पांढऱ्याची, एक काळ्याची; आठ बिट सरकवलं की सगळ्या प्याद्यांच्या सरळ चाली एकदम मिळतात, सात आणि नऊ सरकवून मारण्याच्या, फक्त कडेचे स्तंभ झाकायला विसरू नका. डावी-उजवी आरशातली स्थिती एकच धरा, टेबल निम्म्यावर येतं. टेबलात नुसता हॅश (स्थितीवरून काढलेला छोटा आकडा) ठेवू नका, पूर्ण स्थिती ठेवा. ४८ घरांत ती सहज मावते आणि दोन स्थितींचा हॅश जुळला म्हणून चुकीचा निकाल उचलला जाणार नाही. पाळी कोणाची आणि आँपासाँचा हक्क (नुकतंच दोन घरं उडी मारलेलं प्यादं, एकच घर गेल्यासारखं धरून, लगेच मारण्याचा) आहे का, हेही त्या नोंदीतच हवं. तोच पट, पण आत्ताच दोन घरं उडी मारलेली असेल तर निकाल वेगळा असू शकतो.

तपासणीसाठी: सुरुवातीपासून पहिल्या चालीचे पर्याय १६, दोन्ही बाजूंची एक-एक चाल झाल्यावर २५६ यायला हवेत. ३×३ला दुसरा जिंकला पाहिजे. हे जुळलं की ४×४, मग ५×५, मग रुंदी किंवा उंची एकेकाने वाढवा, आणि प्रत्येक आकाराचा निकाल शर्यतीचा नियम बंद करून एकदा आणि चालू करून एकदा काढा. दोन्ही सारखे आले तरच पुढच्या आकाराकडे जा. हे निकाल इथे टाकलेत तर मी माझ्याकडच्या प्रोग्रॅमवर पडताळून पाहीन.