वाचकांचे प्रश्न : गर्द रानासाठी रायफल कोणती?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त चार वर्षांपासून अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे. तो एच-वन-बी व्हिसावर आहे. तेथील सहकाऱ्यांनी त्याला येत्या हंगामात हरणाच्या शिकारीला बरोबर येण्याचा आग्रह केला आहे. रान डोंगराळ व इतके दाट आहे, की पन्नास-साठ पावलांपलीकडचे दिसत नाही, असे तो सांगतो. दुकानदाराने त्याला .३०-३० आणि .३०८ अशी दोन काडतुसे सुचविली, तर एक मित्र ‘झुडपे कापत जाणारी’ .४५-७० घे म्हणतो. माझे वडील पूर्वी शिकारीला जात असत आणि जड गोळीला झाडोरा अडवत नाही, असे तेही म्हणत. मुलाने काय घ्यावे?
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपले वडील जे म्हणत तेच त्या पिढीतले बहुतेक शिकारी म्हणत, माझे वडीलही म्हणत, त्यामुळे ते खोडून काढताना मला थोडा संकोच वाटतो. परंतु झुडपे कापत जाऊन पुन्हा नेमाच्याच जागी लागेल अशी गोळी अजून कोणी तयार केलेली नाही. रायफलीच्या नळीला आतून पीळ असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती गरगरत बाहेर पडते आणि त्या फिरकीच्या जोरावरच तिचे टोक पुढे राहते. वाटेत काडी लागली, की फिरत्या भोवऱ्याला बोट लागावे तशी ती डगमगते आणि पुढचा प्रवास वाकडा करते.

मुलांना हे दाखवावे म्हणून मी एकदा रेंजवर बोटाएवढ्या जाडीच्या कारवीच्या काड्या एका चौकटीत दाटीने उभ्या केल्या, त्यांच्या मागे दहा पावलांवर कोरा कागद लावला आणि .२२ या लहान काडतुसाच्या रायफलीने बार काढले. ज्या गोळ्या काड्यांमधून निसटल्या त्यांची भोके गोल पडली. ज्या काडीला घासल्या त्यांची भोके लांबट, कुलपाच्या भोकासारखी पडली, म्हणजे गोळी कागदापर्यंत आडवी होऊन पोहोचली होती. .२२ ची गोळी जेमतेम ४० ग्रेनची असते (१ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन), तेव्हा हा पुरावा अपुरा आहे, असे कोणी म्हणेल. जड गोळी तुलनेने कमी ढळते हे खरेच. पण अमेरिकेत असे प्रयोग मोठ्या काडतुसांवरही वेळोवेळी झाले आहेत आणि.४५-७० ची ३०० ते ४०० ग्रेनची बोथट गोळीसुद्धा फांदीला लागून वळते, हेच त्यांतून दिसले आहे. झुडूप जनावराला अगदी चिकटून असेल, तर गोळीला ढळायला अंतरच उरत नाही. तेच झुडूप शिकाऱ्याच्या पुढ्यात आणि जनावर त्यापलीकडे चाळीस पावलांवर असेल, तर गोळी फुप्फुसाऐवजी पोटात जाते, आणि पोटात गोळी घेऊन गेलेले हरीण गर्द रानात अंधार पडायच्या आत सापडेलच याची शाश्वती नसते. म्हणून पानांमध्ये मोकळी फट मिळेपर्यंत थांबायचे, आणि ती मिळाली नाही तर बार काढायचा नाही.

या कारणाने चिरंजीवांनी काडतुसाचा विचार शेवटी करावा. गर्द रानात जनावर दिसते ते दोन-तीन क्षण, तेही अर्धवट, आणि तेवढ्यात जी रायफल खांद्याला लावताच नेमावर येते तीच उपयोगाची. आमच्या वडिलांनी हौसेने आपल्या रायफलीवर चार पटीची दुर्बीण बसवून घेतली होती. मी बारा-तेरा वर्षांचा असताना, म्हणजे शिकारबंदीच्या बऱ्याच आधी, चंदगडच्या बाजूला एका हाकाऱ्यात मी त्यांच्यामागे बसलो होतो. करवंदीच्या जाळीतून रानडुक्कर निघाले ते वीस पावलांवर. वडिलांनी रायफल उचलली, दस्त्याला गाल लावला आणि तसेच थांबले. डुक्कर आमच्या समोरून खाली ओढ्यात उतरून गेले. दुर्बिणीत त्यांना केवळ एक तपकिरी धूसर पट्टा दिसत होता, तो पाला आहे की जनावर हेच त्यांना कळेना. त्या संध्याकाळी त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागवून घेतला आणि कोणाशी एक शब्द न बोलता दुर्बीण उतरवून ठेवली.

आज कमी पटीच्या चांगल्या दुर्बिणी मिळतात. १ ते ४ किंवा १.५ ते ५ पटीची दुर्बीण घेऊन ती रानात कायम सर्वांत खालच्या पटीवर ठेवावी, म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. दुर्बीण नको असेल, तर मोठ्या छिद्राची पीप साइटही, म्हणजे छिद्रातून पाहून नेम धरायची साधी पट्टीही, उत्तम. पावसात आणि बर्फात तिच्या काचा पुसत बसावे लागत नाही, कारण तिला काचच नसते. नळी १८ ते २० इंचांची पुरे, कारण लांब नळी फांद्यांत अडकते. वजन सव्वातीन किलोच्या आसपास असावे. दस्त्याची लांबी मात्र दुकानात नुसत्या शर्टावर पाहू नये. तिकडचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीतला आहे. अंगात जाड कोट असताना शर्टावर ठीक वाटलेला दस्ता काखेत अडकतो. चिरंजीवांनी कोट घालूनच दुकानात जावे, डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नेम आपोआप समोर आलेला दिसला पाहिजे. त्यासाठी मान वाकवावी लागत असेल, तर ती रायफल कितीही नावाजलेली असली तरी परत ठेवावी.

आता काडतूस. तिकडचे पांढऱ्या शेपटीचे हरीण अंगाने साधारण आपल्या चितळाएवढे असते, सांबराएवढे नव्हे; त्याला फार मोठे काडतूस लागत नाही. .३०-३० हे काडतूस १८९५ मध्ये विंचेस्टरच्या १८९४ च्या लिव्हर रायफलीसाठी (चापाजवळची कडी खाली-वर करून पुढचे काडतूस भरायची रायफल) बाजारात आले आणि अमेरिकेतल्या जंगलांत तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. त्याची १७० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,२०० फूट वेगाने निघते. .३०८ हे १९५२ चे. त्याची १५० ग्रेनची गोळी २,८०० फुटांच्या वर जाते, आणि शंभर यार्डांपलीकडे हा फरक ठळक दिसतो. .३०-३० चा नेम शंभर यार्डांवर जुळविला असेल, तर दोनशे यार्डांवर गोळी सात-आठ इंच खाली जाते. पण ज्या रानात साठ पावलांपुढचे दिसतच नाही तेथे दोनशे यार्डांचा हिशेब करून काय करायचे? उलट इतक्या जवळून वेगवान गोळी हाडाला लागली, की ती फुटून खांद्याचे बरेच मांस वाया जाते, आणि .३०८ चा धक्काही सुमारे दीडपट बसतो. नवख्या माणसाला धक्क्याची भीती बसली, की तो चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो. .४५-७० हे तर १८७३ चे लष्करी काडतूस आहे. अस्वल-गव्याच्या तोडीच्या जनावराला ते शोभते, हरणासाठी नुसता खांदा दुखवून घेण्यात अर्थ नाही.

माझा कौल .३०-३० च्या लिव्हर रायफलीला आहे. ती चपटी असते, चालताना एका हातात मध्यावर धरता येते आणि डावखुऱ्या माणसालाही तितकीच सोयीची पडते. दुर्बीण बसवायची असेल, तर १९४८ पासून निघणाऱ्या मार्लिन ३३६ सारखी रायफल पाहावी, कारण तिचे रिकामे काडतूस बाजूने बाहेर पडते. जुन्या विंचेस्टरमधून ते वर उडते आणि दुर्बिणीच्या आड येते. एक सावधगिरी मात्र हवी. या रायफलींत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, म्हणजे प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागाला, टेकलेले असते. अणकुचीदार कडक टोकाची गोळी भरली, तर धक्क्याने टोपी पेटू शकते. त्यामुळे चपट्या टोकाच्या, अथवा या रायफलींसाठीच केलेल्या मऊ टोकाच्या गोळ्याच भराव्यात. पुढेमागे मोकळ्या शेताच्या कडेला बसण्याचा विचार असेल, तर .३०८ ची आखूड, हलकी बोल्ट रायफल (दर बारानंतर खिट्टी मागे-पुढे करायची) घ्यावी, त्यात चूक काहीच नाही.

शिसे असलेल्या गोळीचे बारीक कण जखमेभोवतीच्या मांसात पसरतात. तो भाग सढळ हाताने कापून टाकावा किंवा तांब्याची गोळी वापरावी.

आणि हे सारे नंतरचे. तात्पुरत्या व्हिसावरील परदेशी नागरिकाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक वा काडतूस बाळगण्यास मनाई आहे आणि एच-वन-बी त्यातच मोडतो. या मनाईला अपवाद आहे तो तेथील कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना असणाऱ्याचा. असा परवाना पहिल्यांदा काढणाऱ्याला पेनसिल्व्हेनियात शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तेव्हा आधी अभ्यासक्रम, मग परवाना आणि त्यानंतरच रायफलीला हात, हा क्रम त्यांनी मोडू नये. मित्राची रायफल ‘जरा बघतो’ म्हणून हातात घेणेही व्हिसाच्या अंगाने महागात पडू शकते. रायफलीने हरीण मारण्याच्या हंगामात डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड अंगावर असणेही तेथे सक्तीचे आहे. हंगामाआधी त्यांनी उभ्याने, टेका न घेता, पन्नास यार्डांवरून चहाच्या बशीएवढ्या लक्ष्यावर दर आठवड्याला वीस गोळ्या झाडाव्यात.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या नावावर .३१५ रायफल होती. ते वारल्यापासून ती घरातच आहे. आमचे शेत रानाला लागून असून रानडुकरे ऊस आणि भुईमूग उकरून काढतात, गवेही येतात. बांधालगतच्या दाट झाडीत दबा धरून ही रायफल वापरावी का, आणि काडतूस कोणते घ्यावे?
एक शेतकरी, राधानगरी तालुका

उत्तर : काडतूस कोणतेही घेऊ नये. परवानाधारक वारल्यावर शस्त्र घरात ठेवणे हाच १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरतो. ती रायफल विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी आणि वारस म्हणून परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा. उशीर का झाला हे अर्जात सरळ लिहावे. दडवण्याने प्रकरण वाढते.

दुसरे असे, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराबाबत वनखाते लेखी परवानगी देऊ शकते, परंतु ती हातात आल्याशिवाय काही करता येत नाही. गव्याला त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण आहे. तेथे आपण फक्त नुकसानभरपाईचा अर्ज करावा आणि पंचनामा होईपर्यंत मोडलेले पीक तसेच राहू द्यावे.

राहिली रायफल. ब्रिटिश अमलात .३०३ हे लष्करी काडतूस नागरिकांना मिळत नसे, म्हणून जुन्या मॅनलिखर लष्करी रायफलीचे ८ मिलिमीटरचे काडतूस .३१५ या नावाने आपल्याकडे रुळले. २४४ ग्रेनची ती गोळी जवळच्या अंतरावर डुकराला पुरून उरते, आणि नेमकी तीच अडचण आहे. चुकलेली गोळी दोन किलोमीटरहून अधिक जाऊ शकते. उसाच्या फडात पलीकडे कोण आहे ते दिसत नाही. पाचटात वाकून काम करणारी बाई आणि डुक्कर यांची सळसळ सारखीच ऐकू येते. पीकसंरक्षणासाठी कायद्याने ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद केली आहे. वनखात्याची परवानगी मिळालीच, तर तशी बंदूक, उंच मचाण, खाली जमिनीकडे नेम आणि मागे मातीचा बांध, एवढे जुळल्याशिवाय बार काढू नये.

प्रश्न : नात्यातल्या एका वाड्यात दोन नळ्यांची जुनी रायफल पाहिली. ती दाट जंगलासाठी असते असे सांगण्यात आले. दोन नळ्या कशासाठी?
एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दुसऱ्या बारासाठी. बोल्ट रायफलीत पहिल्या गोळीनंतर बोल्ट मागे-पुढे करावा लागतो. दोन नळ्यांच्या रायफलीत एका चापावरून बोट दुसऱ्यावर सरकवले, की झाले. जखमी वाघ किंवा गवा दहा पावलांवरून अंगावर येत असताना एवढ्याच वेळाला किंमत होती. शिवाय तिला बोल्टची लांबी नसल्याने, नळी तेवढीच असूनही ती एकूण आखूड भरते आणि जाळीत वळवायला सोपी जाते. तिच्या किमतीचे कारण वेगळे आहे. दोन्ही नळ्या समांतर दिसतात, पण त्या किंचित एकमेकींकडे कललेल्या असतात, कारण दोन्ही गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच ठिकाणी पडाव्या लागतात. त्यासाठी कारागीर गोळ्या झाडून पाहत, तोंडाशी बसविलेली पाचर हलवत आणि डाग पुन्हा देत. ही जुळणी एकाच काडतुसापुरती असते. दारूचे किंवा गोळीचे वजन बदलले, की दोन गोळ्या दोन वाटांनी जातात. म्हणून अशा रायफलींच्या नळ्यांवर बहुधा काडतुसाचे नाव आणि गोळीचे वजन कोरलेले आढळते. आपण पाहिलेल्या रायफलीवर काय कोरले आहे ते मालकांना विचारून कळविल्यास तिच्याविषयी अधिक लिहिता येईल.