शेडमध्ये सापडलेल्या जुन्या जिलेटीनचं काय करायचं?

दादा, वाघोलीजवळची बंद खाण विकायची म्हणून शेड पाडायला घेतली आणि वडिलांच्या वेळची जिलेटीनची, म्हणजे दगड फोडायच्या स्फोटक कांड्यांची, अर्धी पेटी आणि त्या कांड्या उडवणाऱ्या डेटोनेटरचा पुडा निघाला. विहिरीत टाकू की पुरून टाकू, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको. आधी पाडकाम थांबवा, माणसं लांब काढा.

तेवीस वर्षं मी दगडखाणींवर ब्लास्टर होतो. जुना माल सादळून निकामी होतो, हा समज मी तिथे रोज ऐकला. कांडी कधी कधी निकामी होतेही, पण डेटोनेटरचा भरवसा धरू नये. बोटाएवढी अॅल्युमिनियमची नळी, तोंडाशी रबरी बूच दाबून बसवलेलं. पाण्याने भरलेल्या भोकातही उडावी अशीच ती बनवलेली असते. आतलं लेड अझाइड घर्षणाने, ठिणगीने, अंगातल्या स्थिर विजेनेही पेटतं. आमच्या एका मजुराच्या पोराला लाल-पिवळ्या वायरचा असाच एक डेटोनेटर मुरमात सापडला. वायर ओढून बघताना त्याची दोन बोटं गेली. नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून मी काम संपल्यावर खाण स्वतः पायी फिरून बघायचो.

विहिरीत टाकलं तर डेटोनेटर गाळात तसाच राहील आणि पुढे कधीतरी गाळ काढणाऱ्याच्या खोऱ्याखाली येईल. कांड्यांमधलं अमोनियम नायट्रेट मात्र पाण्यात विरघळेल. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे; त्याहून जास्त झालं की तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते. वस्तीची बोअरवेल जवळ असेल तर विचार करा.

आज आपण सवयीने जिलेटीन म्हणतो ती बहुतेक इमल्शनची, म्हणजे अमोनियम नायट्रेटचं पाणी तेलात घोटून केलेली, कांडी असते. नायट्रोग्लिसरीनचा, म्हणजे धक्क्यानेही उडणाऱ्या तेलकट द्रवाचा, खरा जिलेटीन २००४ मध्ये आपल्याकडे बंद झाला. तुमची पेटी त्याआधीची असली किंवा पुठ्ठ्यावर तेलकट डाग दिसले, तर नुसती सरकवणंही जिवावर बेतू शकतं.

आता करायचं काय? लांब जाऊन ११२ ला फोन करा, बॉम्बशोधक व नाशक पथक लागेल हे स्पष्ट सांगा. मोबाइल शेडपाशी नेऊ नका; विजेवर उडणारे इलेक्ट्रिक डेटोनेटर असू शकतात आणि मोबाइलच्या लहरींनीही त्यांना धोका असतो. त्यांचं उत्पादन आणि ते बाळगणं १ एप्रिल २०२५ पासून बंद झालंय, त्यामुळे ‘परवाना होता की’ म्हणून घरात ठेवणंही चालणार नाही. वडिलांच्या परवान्याची प्रत सापडली तर पोलीस ठाण्यात लेखी अर्जासोबत जोडा आणि पोच घ्या. एक प्रत पेसोकडे, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेकडे पाठवा. केस होईल या भीतीने गप्प बसू नका. आपणहून कळवलेलं कागदावर राहतं.

रिकामे खोकेही रद्दीवाल्याला देऊ नका, पुठ्ठ्यात माल मुरलेला असतो. पथक पेटीवरचा बॅच नंबर आणि तारीख विचारेल. ती वाचायला पुन्हा जवळ जाऊ नका. पेटी निघाली तेव्हा कुणी फोटो काढला असेल तर तोच द्या.