पिच स्पर्धेत उतरून आम्हाला मिळणार काय?

प्रश्न : सर, आम्ही तिघं मित्र, तासगावकडचे. द्राक्षबागेत लावायचं एक छोटं यंत्र बनवलंय, पान किती तास ओलं राहिलं आणि हवेत दमटपणा किती आहे ते मोजतं, डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचा धोका दिसला की शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जातो. 11 बागांत ट्रायल चालू आहे. आमच्यातला एक म्हणतो स्टार्टअपच्या पिच स्पर्धेत उतरू, म्हणजे स्टेजवर काही मिनिटांत आपला धंदा परीक्षकांना समजावून सांगायचा, दुसरा म्हणतो टाइमपास आहे, तेवढ्या वेळात चार बागा वाढतील. आणि स्टेजवर सगळं सांगून कुणी आयडिया उचलली तर? काय करावं?

उत्तर : आधी तुमची भीती घेऊ, कारण ती खरी आहे. यंत्रात काही नवीन युक्ती असेल तर स्टेजवर जायच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाका, एकदा जाहीर बोललात की ती गोष्ट नवीन राहत नाही आणि पेटंट अडकतं. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी स्टार्टअपला किंवा एकट्या माणसाला 1600 रुपये, मोठ्या कंपनीला 8000. वकिलाचे पैसे वेगळे. पूर्ण अर्ज द्यायला मग 12 महिने मिळतात. आणि स्टेजवर यंत्र काय करतं ते सांगा, आतून कसं करतं ते नको, परीक्षकांनाही तेवढंच पुरतं.

आता मिळतं काय. बक्षिसाचा चेक सगळ्यात शेवटी धरा. मी कॉलेजांच्या काही स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलोय, तिथे सहा मिनिटांत सांगायचं म्हटलं की भल्याभल्यांची तारांबळ उडते. सेन्सर, बॅटरी, ॲप सगळं सांगून होतं आणि मग कुणीतरी विचारतं की पैसे कोण देणार, तर तिघं एकमेकांकडे बघतात. तुम्हालाही हेच विचारतील. शेतकरी देणार, औषध दुकानदार देणार की एक्स्पोर्टवाला? एक फवारणी वाचली तर एकरी किती वाचले? 11 बागा आहेत ना तुमच्याकडे, मग हा आकडा वहीत पाहिजे, नसेल तर स्पर्धेच्या निमित्ताने तरी काढाल, आणि माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा जायला हरकत नाही.

दुसरं म्हणजे समोर कोण बसलंय. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीचा स्टार्टअप वीक 2018 पासून होतो, त्यात निवडलेल्या 24 स्टार्टअपना चेक नाही, सरकारी खात्यात काम करून दाखवायची वर्क ऑर्डर, म्हणजे कामाचं कंत्राट मिळतं (आधीच्या वर्षांत ते 15 लाखांपर्यंतचं होतं). डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्र सरकारच्या उद्योग खात्याची स्टार्टअप म्हणून मान्यता लागते त्याला, ती घेऊन ठेवा. शेतीवाल्या कंपनीला कृषी खात्याबरोबर केलेलं काम दाखवता आलं तर पुढच्या गिऱ्हाईकाचा दरवाजा लवकर उघडतो, शोकेसमधल्या ट्रॉफीने तो उघडत नाही. म्हणून स्पर्धा निवडताना बक्षिसाची रक्कम बघू नका, तुमचं यंत्र विकत घेऊ शकेल असा कुणी त्या हॉलमध्ये असणार का ते बघा.

पहिला नंबर आलाच पाहिजे असंही नाही. सप्टेंबर 2010 ला सॅन फ्रान्सिस्कोत टेकक्रंच डिसरप्ट या स्टार्टअप स्पर्धेत क्विकी नावाची कंपनी पहिली आली, वेबसाइट वेगवान आणि सुरक्षित ठेवणारी क्लाउडफ्लेअर दुसरी. पण क्लाउडफ्लेअरने त्याच स्टेजवरून आपली सेवा सगळ्यांसाठी खुली केली, म्हणजे हरले तरी तो दिवस त्यांच्या लाँचचा होताच. 2019 ला ती कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. तुम्हीही जाल तेव्हा ऐकणाऱ्याला लगेच करता येईल असं काहीतरी घेऊन जा, पुढच्या हंगामाचं बुकिंग म्हणा, ट्रायलसाठी नाव नोंदवणं म्हणा.

तुमच्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं मात्र सोडून देऊ नका. काही टीम वर्षभर स्पर्धाच खेळत राहतात, स्लाइड चकचकीत होत जातात आणि यंत्र तिथेच. वर्षाला दोन बास. आणि एकच जण जाऊ दे, बाकी दोघं बागेत. जिथे भाग घ्यायलाच मोठी फी मागतात किंवा बक्षिसाच्या बदल्यात कंपनीतला हिस्सा लिहून घेतात तिथे नियम दोनदा वाचल्याशिवाय सही करू नका.

अजून एक, ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत कुठलीच तारीख घेऊ नका, कितीही मोठी स्पर्धा असली तरी. पोंग्यापासून, म्हणजे कोवळ्या फुटीपासून, फुलोऱ्यापर्यंत एक पाऊस पडला की डाऊनी येतो आणि तेव्हा तुमचा मेसेज वेळेवर गेला का, शेतकऱ्याने तो वाचून फवारणी केली का, हे तुम्ही तिघांनी बांधावर उभं राहून बघायला पाहिजे.